फटफटीचा जीर्णोद्धार

मोटारसायकलीला मराठी बोलीने 'फटफटी' हे नाव दिले ते तिच्या आवाजावरून. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील गावांत एखाद्या वाड्याच्या ढेलजेत किंवा गोठ्यातील कडब्याच्या आडोशाला अशी एखादी जुनी फटफटी आजही उभी दिसते. टाकीवरील 'राजदूत' वा 'येझदी' ही अक्षरे पुसट झालेली असतात आणि किक गंजून घट्ट बसलेली असते. अलीकडे काही हौशी मंडळी अशी वाहने बाहेर काढून घरच्या अंगणातच त्यांचा जीर्णोद्धार करू लागली आहेत. हा छंद कौतुकास्पद आहे. तथापि जीर्णोद्धार करताना नेमके काय पुन्हा उभे करायचे, हा प्रश्न त्यातून उद्भवतो. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी ह्या यंत्राचा इतिहास जाणून घेणे उचित ठरेल.

यंत्राची कुळकथा

चार-स्ट्रोक इंजिनाला झडपा लागतात आणि त्या उघडण्या-मिटण्यासाठी स्वतंत्र यंत्रणाही लागते. दोन-स्ट्रोक इंजिनात ते काम पिस्टनच करतो. वर-खाली होताना तो सिलिंडरच्या भिंतीतील पोर्ट झाकतो व उघडतो. क्रँकच्या पेटीतच मिश्रण दाबून वर पाठविण्याची युक्ती इंग्लंडमधील बाथ येथील जोसेफ डे ह्यांनी १८९१च्या सुमारास सिद्ध केली. पुढे १९२५ साली जर्मन अभियंता आडोल्फ श्न्यूर्ले ह्यांनी मिश्रणाला सिलिंडरमध्ये वळसा घालायला लावणारी रचना शोधली. त्सोपाऊ येथील डीकेडब्ल्यू कंपनीने ती मोटारसायकलीत आणली. ह्याच कंपनीची आरटी १२५ ही गाडी दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड, अमेरिका, रशिया आणि जपान ह्या देशांनी आपापल्या नावाने घडविली. जपानच्या यामाहाची १९५५ सालची पहिली मोटारसायकल त्याच साच्यातली होती.

भारतात हे यंत्र मुख्यतः पूर्व युरोपातून आले. फ्रांतिशेक यानेचेक ह्यांनी १९२९ साली 'वांडरर' कंपनीच्या गाडीचा आराखडा घेतला आणि स्वतःच्या व त्या कंपनीच्या आद्याक्षरांतून 'यावा' हे नाव तयार केले. आपण त्याचा उच्चार 'जावा' असा केला. रुस्तम व फारुख इराणी ह्यांच्या पुढाकाराने म्हैसूर येथे 'आयडियल जावा'चा कारखाना १९६१ साली सुरू झाला. १९७३पासून तिथली गाडी 'येझदी' ह्या नावाने विकली जाऊ लागली. दुसरी शाखा पोलंडची. तेथील एसएचएल एम-११ ह्या गाडीवरून एस्कॉर्ट्स कंपनीने १९६२ साली 'राजदूत' आणली. तिचे इंजिन १७३ सीसीचे, गिअर तीन आणि वेग बेताचा. ओझे वाहण्यात मात्र ती वाकबगार होती.

काळ्या मातीच्या वाटेवर

मराठवाड्यात ह्या यंत्राचे स्वागत का झाले, हे समजण्यासाठी तेथील दळणवळण पाहिले पाहिजे. निजामाच्या राज्यात मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज लोहमार्ग १९०० साली सुरू झाला आणि नांदेड त्यावर आले. बार्शी लाईट रेल्वेची अरुंद गाडी १९११ साली लातूरला पोहोचली. परंतु लोहमार्ग जोडतो तो बाजारपेठांना. स्टेशनापासून गाव दहा-पंधरा कोस आत असे आणि पावसाळ्यात त्या काळ्या मातीतून बैलगाडीचे चाकही निघत नसे. पुढे एसटी आली, तरी ती डांबरी रस्त्याच्या फाट्यावर उतारू सोडून निघून जाई. फाट्यापासून गावापर्यंतचे अंतर तोडले ते सायकलीने आणि तिच्यानंतर फटफटीने. दूधवाला, शिक्षक, ग्रामसेवक, कंपाउंडर असे कितीतरी लोक तिच्यावर विसंबून होते.

ख्रिस्तसभेलाही ह्या प्रश्नाची जाण होती. आफ्रिकेतील मिशनमध्ये आजारी पडलेल्या मित्राला वाहनाअभावी वेळेवर उपचार मिळू शकले नाहीत, हे दुःख मनात ठेवून फादर पॉल शुल्टे ह्या जर्मन धर्मगुरूंनी १९२७ साली 'मिवा' ही संस्था स्थापन केली. मिशनऱ्यांना वाहने पुरविणे हेच तिचे कार्य. १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना झाली. मराठवाड्यासारख्या विरळ श्रद्धावंतांच्या प्रदेशात एका धर्मग्रामाखाली अनेक गावे येतात. अशा ठिकाणी रविवारचा मिस्सा आणि आजाऱ्यांचा अभ्यंग ह्या गोष्टी वाहनाच्या प्रकृतीवरही अवलंबून असतात, हे तेथे सेवा केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

अंगणातील कार्यशाळा

ह्या यंत्राचा खरा गुण म्हणजे ते सामान्य माणसाला उघडता येते. पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर आणि रॉकेलने भरलेले घमेले एवढ्यावर हेड व सिलिंडर उतरविता येतात. झडपा नसल्यामुळे त्यांचे टायमिंग जुळविण्याची कटकट नाही. असे असले तरी काम संयमाचे आहे. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीला आल्याआल्या किक मारणे हा पहिला प्रमाद होय. गंजलेल्या सिलिंडरमध्ये रिंगा चिकटलेल्या असतात. म्हणून प्लग काढून आत थोडे तेल सोडावे आणि ते मुरू द्यावे. टाकीतील जुन्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो, तोही धुवून काढावा लागतो.

सिलिंडर उतरला की एक्झॉस्ट पोर्टभोवती साचलेली काजळी दिसते. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलाचा तो अवशेष. ती लाकडी पट्टीने खरवडावी, म्हणजे पिस्टनवर ओरखडा उठत नाही. नवी रिंग बसविताना तिची दोन्ही टोके खाचेतील बारीक पिनेवर यावी लागतात, अन्यथा टोक पोर्टमध्ये अडकून रिंग तुटते. क्रँकच्या दोन्ही बाजूंच्या ऑईल सीलकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात. मॅग्नेटच्या बाजूचे सील वाळले तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. गिअरपेटीच्या बाजूचे सील गेले तर तिच्यातील तेल आत ओढले जाऊन पांढरा धूर निघतो. रंगरंगोटी कितीही झाली तरी हे दोन लहान रबरी कडे बदलल्याशिवाय गाडी भरवशाची होत नाही.

धुराचा हिशेब

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ज्या साधेपणामुळे हे यंत्र गरिबाच्या दारी पोहोचले, त्याच साधेपणात त्याचा दोष दडलेला आहे. आतले तेल पेट्रोलबरोबर जळते आणि पोर्ट उघडे असताना ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर पडतो. १९८५ साली हीरो होंडाची चार-स्ट्रोक सीडी १०० आली आणि कमी पेट्रोलमध्ये अधिक अंतर हा नवा हिशेब लोकांना पटला. पुढे १९९६ आणि २००० सालच्या उत्सर्जन नियमांनी दोन-स्ट्रोकची वाट अधिकच अरुंद केली. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद झाला. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या विश्वपत्रातून सृष्टी हे आपले सामायिक घर असल्याचे स्मरण दिले. ते ध्यानी घेता जुनी फटफटी रोज बाजारात नेण्याचे समर्थन करता येणार नाही. मोडक्या वस्तूला भंगारात न लोटता तिची काळजी घेणे हेही मात्र त्याच शिकवणुकीशी सुसंगत आहे.

पुसू नयेत अशा खुणा

केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये पुरातन वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपातच राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना 'व्हीए' मालिकेचा वेगळा क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून अशी वाहने नित्य वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. संग्रहालयाच्या दृष्टीने 'मूळ स्वरूप' ही अट योग्यच आहे.

परंतु खेड्यातील राजदूतचा इतिहास कारखान्याच्या दारातून बाहेर पडल्यानंतर सुरू होतो. दुधाच्या कॅनसाठी वेल्ड केलेले कॅरिअर, दगडावर आपटून चेपलेली टाकी, गावच्या लोहाराने घडविलेले स्टँड ह्या तिच्या आयुष्याच्या नोंदी आहेत. लातूर जिल्ह्यात तर अशा नोंदींचे मोल विशेष आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या भिंतींखाली माणसांबरोबर कित्येक घरांतील वस्तूही गेल्या आणि अनेक गावे नव्या जागी वसवावी लागली. जिथे आजोबांचे घरच उरले नाही, तिथे त्यांच्या हाताने झिजलेली मूठ बदलून नवी बसविण्यापूर्वी कोणीही थबकेल.

संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच राहिल्याचे आपण वाचतो, आणि संत थोमाचा संशय फिटतो तो त्या व्रणांमुळेच. एका लोखंडी यंत्राची त्या गौरवी देहाशी तुलना करण्याचा येथे हेतू नाही. नवजीवन मिळणे म्हणजे भूतकाळ पुसून टाकणे नव्हे, एवढाच बोध त्यातून घ्यावयाचा. म्हणून हौशी बांधवांना एक सूचना कराविशी वाटते. जे सुरक्षिततेचे आहे, म्हणजे ब्रेक, टायर, केबल आणि वायरिंग, ते निःसंकोच नवे घालावे. रंगाचा डबा उघडण्यापूर्वी मात्र घरातील वडीलधाऱ्यांना गाडीजवळ बसवावे. ती कोणत्या साली, कोणते पीक विकून घेतली, तिच्यावरून कोणाला दवाखान्यात नेले, कोणाची वरात निघाली, हे एका वहीत लिहून घ्यावे आणि ती वही गाडीच्या आरसी बुकाशेजारी ठेवावी. इंजिनाचे सुटे भाग शोधले तर जुन्या बाजारात मिळतात. ह्या आठवणी सांगणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत.