दूरच्या शिष्याचा सूर

गाणं गुरूसमोर बसूनच शिकायचं, ही आपली जुनी रीत. पं. विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे असेच शिकले. पण ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे स्वरलिपीची पुस्तकं छापली. पं. भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकांतही शेकडो चिजा आल्या. बंदिश अशी गावोगाव पोचू लागली. मात्र शिष्य बेसूर झाला, तर पुस्तकाला ते कळत नसे.

मग रेडिओ आला. १९२९ पासून पंकज मलिक कोलकात्याहून श्रोत्यांना गाणं शिकवू लागले. गुरूचा आवाज घराघरांत गेला. शिष्याचा आवाज मात्र गुरूपर्यंत पोचत नव्हता. ही उणीव भरून काढली ती इंटरनेटनं.

संगीतोपचारात तर याचं मोल फार मोठं. उपचार म्हणजे अमुक रोगावर अमुक राग ऐकवणं नव्हे. पक्षाघातानं वाचा गेलेल्या काही रुग्णांना बोलता येत नाही, पण ओळखीचं गाणं म्हणता येतं. त्यावरून अमेरिकेत १९७३ मध्ये एक पद्धत पुढे आली. ‘पाणी दे’ असं छोटं वाक्य दोन सुरांत गुणगुणायचं, डाव्या हातानं ताल धरायचा आणि हळूहळू चाल सोडून द्यायची. इथं उपचारकाला रुग्णाचा प्रत्येक उच्चार ऐकावा लागतो.

करोनानंतर धाप लागणाऱ्यांसाठी लंडनच्या इंग्लिश नॅशनल ऑपेरानं डॉक्टरांच्या साथीनं २०२० मध्ये सहा आठवड्यांचा ऑनलाइन वर्ग सुरू केला. अंगाईगीतं गात श्वास सावरायचा. १५० जणांवरच्या चाचणीचा अहवाल २०२२ मध्ये आला. मनाचं स्वास्थ्य थोडं सुधारलं होतं. शारीरिक स्वास्थ्याच्या एकूण मोजमापात मात्र फरक दिसला नाही.

इंटरनेटलाही मर्यादा आहेच. आवाज क्षणभर उशिरा पोचतो, त्यामुळे दोन ठिकाणी बसून एका तालात गाता येत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावसारख्या ठिकाणी बसलेल्या रुग्णाला दूरच्या शहरातला उपचारक पडद्यावर भेटेल. पण रुग्णाचा हात हातात घेऊन ताल धरायला सून, नातू, कुणीतरी घरचंच हवं. म्हणून शिकवायचं ते रुग्णाइतकंच त्या घरच्या माणसालाही. ऑनलाइन प्रशिक्षणाचं खरं काम तेच.