गोपाळपूर ते इव्रेया : एका यूएसबी केबलचा इतिहास

पंढरपूरलगतच्या गोपाळपुरात १९९८ साली अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. त्या काळी भारतातील इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गांत मायक्रोकंट्रोलर म्हणजे इंटेलचे १९८० सालचे ८०५१ कुटुंब, हे समीकरण पक्के होते. आज पंढरपुरातच काय, कोणत्याही तालुक्याच्या गावी एखादी विद्यार्थिनी अर्डुइनोचा बोर्ड लॅपटॉपला केबलने जोडते, एक बटण दाबते आणि प्रोग्राम चिपमध्ये उतरतो. या दोन चित्रांमधले अंतर कसे कापले गेले, त्याची ही हकिगत.

८०५१ च्या कुळातील ८७५१ या चिपच्या पाठीवर काचेची एक छोटी खिडकी असे. जुना प्रोग्राम पुसायचा तर चिप सर्किटमधून उपटून अतिनील दिव्याखाली ठेवावी लागे आणि पुसण्यासच पंधरा-वीस मिनिटे जात. मग प्रोग्रामर नावाच्या वेगळ्या यंत्रात ती बसवून नवा प्रोग्राम भरायचा. एक अर्धविराम चुकला की सारा खटाटोप पहिल्यापासून! पुढे ॲटमेलने १९९३ च्या सुमारास फ्लॅश स्मृती असलेली ८०५१ आणली आणि दिव्याची गरज संपली. प्रोग्रामर यंत्र मात्र राहिले. ते बहुधा संगणकाच्या पॅरलल किंवा सिरियल पोर्टला जोडलेले असे.

नेमके हेच पोर्ट लॅपटॉपवरून नाहीसे होऊ लागले. त्यांची जागा घेणाऱ्या यूएसबीचे पहिले प्रमाण जानेवारी १९९६ चे. ते घडवणाऱ्या इंटेलच्या चमूतले अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, ते सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे. इतिहासाचे धागे असे अनपेक्षित ठिकाणी सापडतात.

आता इटलीकडे. इव्रेया या गावी एक डिझाइन संस्था होती. तेथे एर्नान्दो बारागान या कोलंबियन विद्यार्थ्याने पदव्युत्तर प्रबंधासाठी ‘वायरिंग’ नावाचा बोर्ड आणि सोपी प्रोग्रामिंग प्रणाली तयार केली. अर्डुइनोच्या कथेत त्याचे नाव बऱ्याचदा गाळले जाते, हे अन्यायाचेच आहे. २००५ मध्ये मासिमो बान्झी, डेव्हिड कुआर्तिएयेस आणि सहकाऱ्यांनी त्याच पायावर स्वस्त बोर्ड उभा केला. संस्था बंद पडण्याच्या मार्गावर होती. आपले काम तिच्याबरोबर बुडू नये म्हणून त्यांनी आराखडा सर्वांसाठी खुला केला. नाव मिळाले ते गावातल्या एका बारवरून, आणि बारला ते मिळाले होते १००२ साली इटलीचा राजा झालेल्या अर्दुइनवरून. त्याच सुमारास दख्खनवर कल्याणीच्या चालुक्यांचा सत्याश्रय राज्य करीत होता.

या बोर्डाची खरी किमया ‘बूटलोडर’मध्ये आहे. चिपच्या स्मृतीत आधीच बसवलेला हा इवलासा प्रोग्राम चिप रीसेट होताच काही क्षण कान देऊन ऐकतो. लॅपटॉपकडून नवा प्रोग्राम येत असेल तर उतरवून घेतो, नाहीतर जुना चालू करतो. त्यामुळे वेगळ्या प्रोग्रामर यंत्राची गरजच उरली नाही. अडचण एकच होती: सुरुवातीच्या बोर्डांवर रीसेटचे बटण हाताने आणि नेमक्या वेळी दाबावे लागे. २००७ च्या ‘डिएचिमिला’ने ते काम लॅपटॉपवर सोपवले. सिरियल जोडणीतली डीटीआर ही तार एका छोट्या कपॅसिटरमार्फत रीसेटला जोडली. लॅपटॉपने पोर्ट उघडले की चिप आपोआप रीसेट होते. डिएचिमिला म्हणजे इटालियनमध्ये दहा हजार. तोवर तितके बोर्ड तयार झाले होते.

चिपला मात्र यूएसबीची भाषा येत नव्हती. म्हणून मध्ये दुभाषी बसवला गेला, तो स्कॉटलंडच्या एफटीडीआय कंपनीची चिप. आराखडा खुला असल्याने स्वस्त प्रतिकृती जगभर झाल्या आणि काहींत दुभाषीही नकली बसला. ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोजच्या अपडेटमधून एफटीडीआयचे नवे ड्रायव्हर आले आणि त्यांनी नकली चिपांचा ओळखक्रमांक पुसून शून्य केला. आदल्या दिवशी चालणारे बोर्ड लॅपटॉपला ओळखू येईनात. फसवणूक बनावट चिप विकणाऱ्याने केली, पण शिक्षा ज्याला नकली-असली ठाऊकच नव्हते अशा ग्राहकाला झाली. ओरड झाल्यावर ते ड्रायव्हर मागे घेतले गेले.

स्वस्त बोर्ड बनवणारे दरम्यान सीएच३४० या चिनी चिपकडे वळले होते. ती नकल नव्हे, स्वतंत्र रचना आहे; मात्र तिचे ड्रायव्हर पुष्कळदा वेगळे बसवावे लागतात. पोर्टच्या यादीत बोर्ड दिसत नसेल तर पहिला संशय तेथे घ्यावा आणि दुसरा केबलवर. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. मोबाइल चार्जिंगच्या काही केबलींत माहितीची जोडी नसतेच. बोर्डावरचा दिवा तेव्हाही पेटतो, म्हणून दोष केबलचा आहे हे लवकर ध्यानात येत नाही.