वृद्धांचा शब्द

वृद्धांची सेवा हा आपल्या समाजांत पूर्वापार घरचाच धर्म मानला गेला. वैद्य घरीं येऊन नाडी पाही, सून काढा उकळून देई आणि नातू हात धरून अंबाबाईच्या देवळांत नेई. या सेवेंत मायेची उणीव नव्हती. परंतु अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या वतीनें बहुधा घरचा कर्ताच बोले. हीच सेवा पुढें वेतन घेणाऱ्या हातांकडे आली, तेव्हां एक नवा प्रश्न उभा राहिला. या हातांनीं शब्द कोणाचा मानावा? पैसे देणाऱ्या मुलाचा, कीं अंथरुणावरील वृद्धाचा?

कोल्हापुरांत हा पालट आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयापासून दिसूं लागला. हें रुग्णालय इ. स. १८८४ च्या सुमारास उभें राहिलें, आणि आज तें छत्रपति प्रमिलाराजे यांच्या नांवानें ओळखलें जातें. शाहू छत्रपतींच्या कारकीर्दींत डॉ. कृष्णाबाई केळवकर तेथें सेवेंत आल्या. स्त्रीवैद्य समोर असल्यामुळें, एरवीं पतीच्या मुखानें सांगावें लागणारें दुखणें स्त्रीला स्वतःच्या मुखानें सांगण्याची सोय झाली. रोग्याचा शब्द रोग्याचाच असावा, या तत्त्वाकडे टाकलेलें तें एक पाऊलच होय.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८५९ सालींच बजावलें होतें कीं, रोग्याच्या खोलींत अगर दाराबाहेर कुजबुजणें हा क्रूरपणा आहे. पुढें परिचारिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें १९५३ सालीं आपली आचारसंहिता स्वीकारली. आपल्या देशांत कायद्यानें हाच मार्ग धरला. २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एका खटल्यांत असा निर्णय दिला कीं, सज्ञान रोगी स्वतः संमति देण्यास समर्थ असतां त्याच्या मातेची संमति पुरेशी नव्हे. जें मातेला लागू, तें पुत्रालाही लागू, हें उघड आहे. २००७ च्या कायद्यानें वृद्धांच्या पोषणाचा भार मुलांवर घातला, आणि साठ वर्षांवरील माणसाला टाकून देणाऱ्या जबाबदार व्यक्तीस तीन महिनेपर्यंत कैद अथवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, ठरविले.

परंतु कायदा उंबऱ्यापर्यंतच येतो. आंत, खाटेपाशीं, रोज नवा प्रसंग असतो. मुलगा मायेपोटीं म्हणतो, “बाबांना आजाराचें नांव सांगूं नका.” बाबा मात्र परिचारिकेचा हात धरून तेंच विचारतात. अशा वेळीं खोटें बोलणें सोपें असतें, वैद्यांना बोलावून आणणें आणि “आपल्याला किती जाणून घ्यावयाचें आहे?” असें बाबांनाच विचारणें कठीण. ज्याची स्मृति गेली आहे, त्याचीही आवडनिवड गेलेली नसते. पाणी गार हवें कीं कोमट, खिडकी उघडी कीं मिटलेली, हें तो डोळ्यांनीं सांगतो.

वेतनानें श्रम विकत मिळतात, वृद्धाचा शब्द विकत मिळत नाहीं. माया घरची असो कीं सेवा पगारी असो, तिची कसोटी एकच: त्या माणसाला विचारलें होतें काय?