म्हातारे आणि अडगळीतले

२८ जुलै १९७३. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनला तीन रॉक बँड ऐकायला सहा लाखांच्या आसपास माणसं लोटली होती. त्यातला एक बँड ग्रेटफुल डेड, आणि त्याचा गिटारवाला जेरी गार्सिया.

आता गंमत बघा. हाच माणूस त्याच वर्षी सवड मिळेल तशी सॅन फ्रान्सिस्कोच्या लहान क्लबांतून बँजो वाजवत होता. ड्रम नाही, विजेची गिटार नाही. बँजो, मँडोलिन, फिडल, साधी गिटार आणि उभा बास. मंडळींनी नाव घेतलं होतं 'ओल्ड अँड इन द वे', म्हणजे म्हातारे आणि अडगळीतले! खरं तर गार्सिया आणि गिटारवाला पीटर रोवन तिशीचे, मँडोलिनवाला डेव्हिड ग्रिसमन आणि बासवाला जॉन कान त्याहून लहान. पंचेचाळिशीचा एकच, फिडलवाला वासर क्लेमेंट्स.

हे संगीत ब्लूग्रास. १९४०च्या दशकात बिल मन्रोने त्याला आकार दिला. क्लेमेंट्स आणि रोवन दोघंही वेगवेगळ्या काळात मन्रोच्या बँडमधून तयार झालेले. गार्सियाचं मात्र स्वप्न राहून गेलेलं. १९६४ साली तो मित्राबरोबर गाडीने देशभर फिरला, ब्लूग्रासच्या मैफली टेपवर उतरवून घेतल्या. मन्रोकडे वाजवायला मिळावं ही आस मनात होतीच. ते जमलं नाही. पुढच्याच वर्षी रॉक बँड उभा राहिला आणि बँजो मागे पडला.

बँजोची ही शैली अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांवर चालते. गार्सियाच्या उजव्या हाताचं मधलं बोट लहानपणीच अपघातात तुटलेलं. तरी पठ्ठ्या वाजवायचा.

हा बँड वर्षभरही धड चालला नाही. ऑक्टोबर १९७३मध्ये बोर्डिंग हाउस या छोट्या थिएटरात ऑव्सली स्टॅनलीने त्यांचं ध्वनिमुद्रण केलं. रेकॉर्ड आली १९७५ साली, तोवर बँड मोडला होता! पण ज्यांनी ब्लूग्रासचं नावही ऐकलं नव्हतं अशा हजारो रॉकवेड्या पोरांच्या घरात बँजो शिरला तो या रेकॉर्डमुळे.

याच स्टॅनलीचा हात १९७४च्या ग्रेटफुल डेडच्या 'वॉल ऑफ साउंड'मागेही होता. सहाशेच्या वर स्पीकर, वजन पंचाहत्तर टनांच्या घरात. तो डोलारा ओढता ओढता बँडचा खर्च इतका वाढला, की त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी दौरे थांबवले. एकाच माणसाने दोन्ही टोकं ऐकवली. मला हे फार बोलकं वाटतं.

नाव झालं की माणसाभोवती एक कारखाना उभा राहतो. कित्येकांची पोटं त्यावर चालतात, आणि मग मालकालाच सुट्टी मिळत नाही. गार्सियाने काही महिन्यांची सुट्टी चोरली. त्यात पैसा फारसा नव्हता, आणि रांगेत तो पहिलाही नव्हता. क्लेमेंट्सचं फिडल सुरू झालं की त्याला मागे राहून साथ करायची होती. मोठ्या झालेल्या माणसाला हे सुख दुर्मिळच.

१९९०नंतर तो पुन्हा ग्रिसमनच्या घरी जाऊन बसू लागला. सोबत साधी वाद्यं. १९९५च्या ऑगस्टमध्ये गार्सिया गेला. त्या घरातली कितीतरी ध्वनिमुद्रणं मागे राहिली. त्यात गर्दीचा आवाज कुठेच नाही.