वाडीची पाटी

मंडळी, आज जरा वेगळ्याच इतिहासावर लिहिते आहे. गड, तह आणि सनावळ्या हे माझे नेहमीचे विषय. पण संगणकाच्या जगालाही आता सनावळी झाली आहे, आणि तिची झळ आमच्या हिरकणीवाडीच्या चुलीपर्यंत पोचली, म्हणून हा खटाटोप.

आधी नावाची गंमत सांगते. गूगलवर नुसतं 'हिरकणी' असं लिहून बघा. २०१९ साली आलेला चित्रपट आहे, एसटीची निमआराम गाडी आहे, बसस्थानकावरचा स्तनदा मातांसाठीचा हिरकणी कक्ष आहे, रायगडावरचा बुरूज तर आहेच. तान्ह्या लेकरासाठी रात्री कडा उतरून गेलेल्या गवळणीच्या कथेची ही सगळी लेकरं. या गर्दीत तिच्या नावाची वाडी कुठे सापडायची? बरं, जोडीला 'रायगड' लिहावं तर १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचंच नाव रायगड झालेलं. 'रायगड राहण्याची सोय' असं विचारलं की यंत्राला गड म्हणायचा आहे की जिल्हा, हे कळणार कसं? गडाच्या पायथ्याऐवजी अलिबागच्या समुद्रावर नेऊन सोडलं तरी त्याला दोष देता येत नाही.

माझा भाचा आणि भाचेसून वाडीत घरगुती जेवण आणि मुक्कामाची सोय चालवतात. १९९६ मध्ये वाडीतून रोपवे सुरू झाला आणि गडावर जाणाऱ्यांचा ओघ आमच्या दाराशी आला. तेव्हा रस्त्यावरची रंगवलेली पाटी पुरत असे. आता माणूस पुण्या-मुंबईतून निघायच्या आधीच फोनवर जेवण ठरवून मोकळा होतो. म्हणून नातवाने संकेतस्थळ करून दिलं आणि त्यावरची इतिहासाची पानं माझ्या वाट्याला आली. गूगलच्या यादीत स्थळाच्या नावाखाली दोन ओळी दिसतात ना, ती आता खरी पाटी. आमचं स्थळ वर्डप्रेसवर आहे. वर्डप्रेसमध्ये ही पाटी हवी तशी लिहायची सोय मुळात नाही. ती करून देणारी जोडयंत्रं वेगळी घ्यावी लागतात, त्यांना प्लगिन म्हणतात.

वर्डप्रेस आलं २००३ मध्ये. पाट्या लिहिणाऱ्यांतलं जुनं नाव 'ऑल इन वन एसईओ पॅक', मायकेल टॉर्बर्ट यांचं, २००७ चं. त्या काळी पानाच्या पोटात अदृश्य 'कळीचे शब्द' भरण्याची मोठी हौस होती. शब्द भरले की स्थळ वर येतं, असा समज. २००९ च्या सप्टेंबरात गूगलने जाहीरच करून टाकलं की क्रम लावताना आम्ही हे शब्द बघतसुद्धा नाही. तरी लोक पुढे कित्येक वर्षं ते भरतच राहिले. उत्तरपत्रिकेवर 'श्री' काढून मगच लिहायला घेणारी मुलं मला आठवतात, त्यातलाच प्रकार :)

मग २०१० च्या सुमारास हॉलंडच्या योस्ट डी वाल्क यांचं प्लगिन आलं. त्यांचं नाव डच वळणाने लिहिलं तर इंग्रजांना ते 'जूस्ट' वाचावंसं वाटतं, म्हणून कंपनीचं नाव उच्चाराबरहुकूम वेगळ्या स्पेलिंगने ठेवलं. देवनागरीत दोन्ही 'योस्ट'च. आपल्या लिपीपुढे हा प्रश्न उभाच राहत नाही, याचा मला उगाच अभिमान वाटला.

अर्थात आपल्या लिपीने शोधणाऱ्यांना कमी छळलेलं नाही. युनिकोड रुळण्याआधी मराठी स्थळं ज्याच्या त्याच्या फाँटवर चालत. डोळ्यांना 'रायगड' दिसे, यंत्राच्या पोटात मात्र इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असे, तीही दर फाँटला निराळी. शोधयंत्राला त्यातलं एक अक्षर कळत नसे. पुढे विंडोजमध्ये देवनागरी आली, र. कृ. जोशींनी घडवलेला 'मंगल' फाँट घरोघरी गेला, १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया युनिकोडमध्येच सुरू झाला, आणि हळूहळू सगळे तिकडे वळले. जुना मजकूर ज्यांनी नव्या साच्यात ओतून घेतला त्यांचा टिकला. बाकीचा आजही कुठेतरी असेल, पण शोधून सापडायचा नाही.

आणि युनिकोडमध्येही खाचखळगे आहेतच. 'येणाऱ्या'मधला ऱ्या दोन तऱ्हांनी साठवता येतो. दिसायला सारखा, यंत्राच्या लेखी वेगळा. पानाच्या पत्त्यात देवनागरी घातली तर एकेका अक्षरचिन्हाला नऊ-नऊ जागा लागतात आणि वर्डप्रेस देतं दोनशे, म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं. 'हिरकणीवाडी' एवढ्या एका शब्दात दहा संपतात! म्हणून आमचे पत्ते रोमनमध्ये आणि पाटी मराठीत.

आता मुख्य गोष्ट. मार्च २०१८ मध्ये योस्टची ७.० आवृत्ती आली. तेव्हा ते प्लगिन ५० लाखांहून जास्त स्थळांवर होतं. वर्डप्रेसची एक जुनी खोड अशी की तुम्ही लेखात एक चित्र घातलंत की त्या चित्राचं स्वतःचं असं वेगळं पान तयार होतं. त्यावर ते चित्र सोडून काहीच नसतं. योस्टमध्ये एक कळ होती, ती 'होय' ठेवली की असल्या पानावर आलेला माणूस मूळ लेखाकडे वळवला जाई. नव्या आवृत्तीत रचना सोपी करताना चूक राहिली आणि ज्यांनी 'होय' ठेवलं होतं त्यांच्याकडेही ते 'नाही' झालं. झालं! हजार फोटोंच्या स्थळामागे हजार रिकामी पानं उघडी पडली, आणि गूगलने ती इमानेइतबारे आपल्या वहीत नोंदवली. आमचं स्थळ शोधात घसरलं, अशी ओरड पुष्कळ मालकांनी केली.

योस्टने दुरुस्ती केली, पण गूगलच्या वहीतली नोंद थोडीच लगेच पुसली जाते? मे महिन्यात डी वाल्क यांनी उघड माफी मागितली आणि सफाईसाठी एक छोटं वेगळं प्लगिन दिलं. ते त्या रिकाम्या पानांवर ४१० असं उत्तर देई. हा आकडा मला फार आवडला. ४०४ म्हणजे 'सापडत नाही', आणि ४१० म्हणजे 'गेलं, परत येणार नाही'. आमच्या हजेरीपटाच्या भाषेत ४०४ म्हणजे गैरहजर आणि ४१० म्हणजे दाखला नेला. गैरहजर मुलाचं नाव मास्तर रोज पुकारतात. दाखला नेलेल्याचं पुकारत नाहीत.

माझं मत विचाराल तर चूक होणं मोठं नाही. दुसऱ्याने विचारपूर्वक ठेवलेली कळ त्याच्या नकळत फिरणं, हे मोठं. २०२० च्या डिसेंबरात ऑल इन वनच्या नव्या आवृत्तीनेही लोकांना न विचारता आपोआप अपडेट होण्याची सोय चालू करून टाकली. लोक चिडले, तेव्हा ती काढून घेतली.

याच काळात अदलाबदल सोपी झाली. २०१८ च्या शेवटी 'रँक मॅथ' नावाचं प्लगिन आलं, भारतीय मंडळींनी काढलेलं. त्याने सुरुवातीलाच विचारायला सुरुवात केली: तुमच्या जुन्या प्लगिनमधला मजकूर आणू का? यातली खुबी अशी. तुमचा लेख वर्डप्रेसच्या कोठारात असतो, पण पाटीच्या त्या दोन ओळी प्लगिन स्वतःच्या नावाच्या खणात ठेवतं. प्लगिन बदललं की ओळी नाहीशा होत नाहीत, मात्र नव्याला तो खण माहीत नसतो. तो उघडून ओळी आपल्या खणात आणायच्या, हेच ते स्थलांतर.

आमच्यावर ही वेळ करोनानंतरच्या एका मे महिन्यात आली. कोणतं प्लगिन ते लिहीत नाही, भांडण काढायचं नाही. एका अपडेटनंतर आमची पाटी गेली आणि तिच्या जागी नुसतं 'मुख्यपान' दिसू लागलं. ६ जूनचा राज्याभिषेक सोहळा तोंडावर, वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा त्याच दिवसांतला. फोन वाजेना.

"मावशी, तांदूळ दळून आणलेत दोन पोती. आता भाकऱ्या कुणाला घालायच्या?" भाचेसून म्हणाली.

नातू म्हणाला, आजी, प्लगिनच बदलू. मी विचारलं, पत्ते बदलतील का? नाही म्हणाला. मग हो म्हटलं. एका रात्रीत बदल झाला. एकोणीस पानांपैकी सोळांच्या ओळी आपोआप आल्या, तीन मी माझ्या वहीतून वाचून दाखवल्या. पाट्या मी आधी वहीत लिहिते, मग नातू त्या टंकतो. गूगलला नवी पाटी दिसायला नऊ दिवस लागले. सोहळ्याला त्या वर्षी निम्मीच माणसं जेवली. उरलेलं पीठ भाचेसुनेने शेजारच्या दोन घरांना दिलं.

चित्रांच्या त्या रिकाम्या पानांचं काय झालं, तेही सांगायला हवं. नोव्हेंबर २०२३ मधल्या वर्डप्रेस ६.४ पासून नव्या स्थळांवर ती पानं मुळातच बंद असतात. जुन्या स्थळांवर मात्र जसं होतं तसं राहतं, आपण बघून घ्यायचं. आमचं जुनं आहे. तेव्हा दर अपडेटनंतर मी नातवाला ती एक कळ उघडून दाखवायला लावते, आणि पाटी वहीशी ताडून बघते. सध्याची अशी आहे: 'हिरकणीवाडी, रायगड किल्ल्याचा पायथा, रोपवेजवळ. घरगुती जेवण, तांदळाची भाकरी, मुक्कामाची सोय.' 'किल्ल्याचा' हा शब्द भाचेसुनेने घालायला लावला, अलिबागची माणसं चुकून येऊ नयेत म्हणून.