धरणं, घेणं, चढवणं

मे संपत आला की भिवंडीच्या बाजारात काही दुकानांबाहेर प्लास्टिकचे उंच रोळ उभे राहतात. निळे, काळे, दुधी पारदर्शक. आसपासच्या गावांतून आलेली बाई बोटांच्या चिमटीत प्लास्टिक धरून जाडी पाहते आणि सांगते, "दोन मीटर कागद द्या." दुकानदारही कागदच कापतो. भिजला की ज्याचा लगदा होतो त्या वस्तूचं नाव आपण न भिजणाऱ्या वस्तूला दिलं, आणि त्यात कुणालाच काही खटकत नाही.

मला हा शब्द फार आवडतो. कागद फारसीतून आपल्याकडे आला आणि दफ्तरात स्थिरावला. पुढे त्याच्यातलं लिहिणं गळून पडलं आणि पातळ, सपाट, घडी घालता येईल असं काहीतरी, एवढाच अर्थ उरला. म्हणून घराच्या कौलांवर पावसाळ्यापुरता घालतात तोही कागद, आणि लावणीला जाताना डोक्यावरून घेतात तोही कागद. त्याच्या आधी मेणकापड होतं. त्यातलं मेण संस्कृत 'मदन'वरून आलं आहे. मदन म्हणजे मधमाश्यांचं मेण असाही एक अर्थ होता. प्राकृतात त्याचं मयण झालं आणि मराठीत मेण.

पण कागदाची खरी जागा इरल्याची आहे. बांबूच्या कामट्यांची जाळी, तिच्यावर पळसाची किंवा तशीच रुंद पानं, वरून पुन्हा जाळी. डोक्यावर अडकवलं की पाठीवरून खाली उतरणारं हे घर लांबून कासवासारखं दिसतं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात इरलं आहे, आणि त्याचा पहिला छापील कोश 1831 चा. आता भिवंडी तालुक्यातल्या भाताच्या खाचरांतही इरलं क्वचितच दिसतं. मात्र कागद घेण्याची तऱ्हा त्याचीच आहे: डोक्यावरून पाठीवर सोडायचा, गळ्याशी बांधायचा, पुढची बाजू मोकळी. वाकलेल्या माणसाची पाठ पावसाकडे असते, पोट जमिनीकडे. एका हातात रोपांची मूठ, दुसरा हात चिखलात. दोन्ही हात मोकळे राहणं ही पहिली अट, आणि इरलं त्या अटीतूनच घडलं आहे.

छत्रीची गोष्ट बरोबर उलट. संस्कृत 'छद्' म्हणजे झाकणं. त्यावरून छत्र, आच्छादन आणि छद्म. छात्रसुद्धा तिथलाच: पाणिनीच्या सूत्रावरची काशिकावृत्ती सांगते की गुरूचं न्यून झाकतो तो छात्र. भूछत्र आणि कुत्र्याच्या छत्र्या ही त्याच घरातली पावसाळी पोरं. पण मूळ छत्र पावसाचं नव्हे. ते सावलीचं आणि सत्तेचं. इंग्रजी 'अंब्रेला'च्या मुळाशीही लॅटिन 'अंब्रा' म्हणजे सावलीच आहे. छत्र धरायचं असतं, आणि राजाच्या डोक्यावरचं छत्र राजा स्वतः धरत नाही, दुसरं कुणी धरतं. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की आपण छत्र हरपलं म्हणतो, तेव्हा मनात हाच धरणारा हात असतो. छत्राला 'ई' लागून छत्री झाली, लहान झाली, सामान्य माणसाच्या हातात आली. धरणारा नोकर गेला, धरणं राहिलं. म्हणून छत्री घेतलेला माणूस नेहमी एका हाताने कमी असतो.

पावसाळी पोशाख निवडताना लोक कापड पाहतात, रंग पाहतात, भाव करतात. मी क्रियापद पाहतो. छत्री धरतात, इरलं घेतात, घोंगडी पांघरतात, रेनकोट चढवतात. त्या दिवशी आपल्या हातांना काय काम आहे, हे क्रियापदाला आधीच ठाऊक असतं. भिवंडी रोड स्थानक वसई-दिवा मार्गावर, तिथे लोकल नाही आणि गाड्या मोजक्याच, त्यामुळे इथला नोकरदार कल्याण किंवा ठाणे गाठतो तो एसटीने, शेअर रिक्षाने नाहीतर स्वतःच्या दुचाकीने. बसवाल्याला छत्री पुरते, एक हात दांडीला आणि एक छत्रीला. कशेळीच्या पुलावर खाडीचा वारा अंगावर घेत दुचाकी चालवणाऱ्याला ती निरुपयोगी. त्याने रेनकोट चढवावा. आणि गुडघ्यापर्यंतचा एकसंध कोट नव्हे, पँट वेगळी असलेला जोड, कारण बसलेल्या माणसाच्या मांडीवर पाणी साचतं आणि एकसंध कोट तिथेच उघडतो.

रेनकोटमधल्या कोटाचा आपल्या किल्ल्याच्या कोटाशी काही संबंध नाही. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला, हा संस्कृत 'कोट्ट'. एका उच्चारात दोघं भेटले एवढंच. तरी अंगाभोवती तट उभारल्याची भावना त्या शब्दात मराठी कानाला ऐकू येते, आणि वस्तूचा स्वभावही तसाच आहे. 1823 मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने दोन कापडांच्या मधे रबराचा थर घालून न भिजणाऱ्या कापडाचं पेटंट घेतलं. तटाच्या आत पाणी येईना, पण घामही बाहेर जाईना. आपल्याकडच्या दमट जुलैत तर माणूस बाहेरून कोरडा आणि आतून चिंब. पुढे गोअर-टेक्ससारखी श्वास घेणारी कापडं निघाली, वाफ जाईल पण थेंब येणार नाही इतक्या बारीक छिद्रांची. माहुली किल्ल्यासारख्या चढणीला ती जरूर न्यावीत, पण बाहेरची हवाच वाफेने गच्च असते तेव्हा आतल्या वाफेला जायला जागा कुठली? मी तरी चढताना पाठ भिजू देतो आणि कोरडा सदरा पिशवीत ठेवतो. विंडचीटर घेणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगावंसं वाटतं, नावच वाचा. तो वाऱ्याला चकवतो. पावसाला चकवीन असं त्याने कधी म्हटलेलं नाही.

एक गोष्ट फार उशिरा ध्यानात आली. इरलं, घोंगडी, कांबळं, खोळ, छत्री, मेणकापड, कागद. एकातही पाऊस नाही. हिंदीने बरसाती केली, तिच्यात पाऊस आहे. आपल्या अंगावरच्या वस्तूंत तो आला रेनकोटबरोबर, तोही इंग्रजी 'रेन' होऊन. मला वाटतं, याचं कारण घोंगडीत सापडतं. तीच थंडीत पांघरायची, तीच पाहुण्याला बसायला टाकायची, तीच पावसात डोक्यावर घ्यायची. लोकर बरंच पाणी पिऊनही ऊब सोडत नाही, पण एकदा पुरती भिजली की जड होते आणि झडीच्या दिवसांत वाळता वाळत नाही. रेंगाळलेल्या कामाला आपण भिजत घोंगडं म्हणतो ते उगाच नाही. पावसासाठी वेगळं वस्त्र असावं ही ऐपतच नव्हती, मग वेगळं नाव कुठून येणार?

'खोळ' हा त्यातला सगळ्यात गरीब आणि मला सगळ्यात देखणा वाटणारा शब्द. उशीची खोळ, रजईची खोळ. भिवंडीजवळच्या काल्हेर-पूर्णाच्या गोदामांसमोर ट्रक लागतात. त्यांच्यावरची ताडपत्री ही शब्दांची आणखी एक गंमत: 'टारपॉलिन'चं हिंदीने तिरपाल केलं, मराठीने मात्र त्यात ओळखीचं ताडाचं पान पाहिलं, असं मला वाटतं. दोर सुटतात, ताडपत्रीच्या खळग्यात साचलेलं पाणी एकदम खाली कोसळतं. हमाल रिकामी गोण उचलतो. गोण हा पाणिनीच्या काळचा शब्द, तेव्हा गोणी होती. तळाचा एक कोपरा तो मुठीने आत ढकलतो, दुसऱ्या कोपऱ्यात नीट बसवतो, झटकतो. टोक डोक्यावर, बाकीची पाठीवर. शिवण नाही, गुंडी नाही, तीन क्षणांत खोळ तयार. मग दोन्ही हात वर करून तो पाठ ट्रकला लावतो आणि वरून सुताचं पोतं खोळीवर उतरतं.