गिरणीचा धूर आणि मावळचे पाणी

कारखानदाराने कोळसा सोडावा, ऊन, वारा आणि पाणी यांच्या शक्तीवर यंत्रे चालवावीत व हवेत जाणारा कर्बवायू कमी करावा, हा उपदेश अलीकडे इतक्या वेळा कानांवर पडतो की तो विचार कालपरवाच जन्मला असावा असे वाटू लागते. वस्तुतः आपल्या महाराष्ट्रातील कारखानदारीने हा प्रयोग शंभर वर्षांपूर्वीच करून पाहिला आहे. आणि तो भोर-वेल्ह्याच्या शेजारी, याच सह्याद्रीच्या माथ्यावर झाला. हेतू मात्र वेगळा होता. कर्बवायूची चिंता त्या काळी कोणास नव्हती. चिंता होती ती कोळशाच्या बिलाची.

मुंबईत कापसाच्या गिरण्यांचा आरंभ १८५४ सालचा. या गिरण्यांच्या पोटात जाणारा कोळसा बंगालकडून आगगाडीने व जहाजाने येई, काही तर विलायतेहून व दक्षिण आफ्रिकेतून येई. एका प्रचंड वाफेच्या एंजिनाच्या चाकावरून जाड दोर मजल्यामजल्यावर गेलेले असत. त्यांनी लांबलचक दांडे फिरावेत आणि दांड्यांवरच्या पट्ट्यांनी साचे चालावेत, अशी ती रचना. एंजिन थांबले की सगळी गिरणी थांबे.

इकडे लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडे, आणि ते पाणी पूर्वेकडे वाहत भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळे. तेच पाणी अडवून पश्चिमेकडे कोकणात सोडले तर ते १,७०० फुटांहून अधिक खाली कोसळेल आणि त्यातून वीज निघेल, ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. ते १९०४ साली वारले. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी १९१० साली निघाली, १९११ साली पायाभरणी झाली, आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीची वीज मुंबईत पोहोचली.

गिरणीमालक सहजासहजी वळले, असे मात्र समजू नये. चालते एंजिन भंगारात काढावयाचे आणि ५० मैलांवरच्या डोंगरातून तारेने येणाऱ्या शक्तीवर विसंबावयाचे, हे कोणत्याही हिशेबी माणसास जड जाणारच. परंतु महायुद्धात जहाजे मिळेनाशी झाली, कोळसा महागला, आणि जो विचार व्याख्यानांनी पटला नसता तो बाजारभावाने पटवला. विजेच्या मोटारी आल्यावर एकेका खात्याला स्वतंत्र चालना देता येऊ लागली. एक खाते बंद ठेवून दुसरे चालवता येऊ लागले. आणखी वीज हवी म्हणून आंध्रा नदी ठोकरवाडीस अडवून १९२२ साली भिवपुरीचे वीजघर सुरू झाले आणि १९२७ साली मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे.

मुळशीपाशी आले की ही गोष्ट केवळ हुशारीची राहत नाही.

वेल्ह्याच्या उत्तरेस लागून असलेले मुळशीचे खोरे भाताचे आहे. धरणात सुमारे ५२ गावांची जमीन व सुमारे ११,००० माणसे सापडत होती. १९२१ सालच्या रामनवमीस, १६ एप्रिल रोजी, मावळ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी चिकटली ती याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या जोडीला होते. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा होती. काम काही महिने थांबलेही. नंतर सरकारने भूसंपादनाचा कायदा लावला, आणि येथे एक अप्रिय गोष्ट सांगावयास हवी. खोऱ्यातील बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेली होती. त्यांतल्या अनेकांना भाताच्या खाचरापेक्षा रोख नुकसानभरपाई अधिक गोड वाटली. कसणाऱ्याची जान आणि सावकाराची जमीन, असा तो सौदा होता. १९२४ अखेर लढा संपला, सेनापती दीर्घ कारावासात गेले, आणि धरण पुरे झाले. मुंबईच्या गिरण्यांच्या धुराड्यांतून निघणारा धूर कमी झाला हे खरे. त्याचे मोल कोणी दिले, हे गिरणीच्या हिशेबवहीत कोठे आढळणार नाही.

भाटघरची कथा निराळी आहे, आणि ती आपल्या घरची. जुन्या भोर संस्थानच्या हद्दीत, वेळवंडी नदीवर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक धरण झालेच होते. पुढे १९२८ साली त्याहून मोठे लॉइड धरण उभे राहिले. लांबीला मैलभर असलेले हे बांधकाम त्या वेळी जगातील मोठ्या धरणांत गणले जाई. डोंगर भोरचे, पाऊस भोरचा, आणि कालवे मात्र बारामती-इंदापूरच्या दुष्काळी माळाकडे गेले. याबद्दल रुसावे असे नाही, दुष्काळ तोही माणसांचाच. पण कांबरे येथील कांबरेश्वराचे देऊळ वर्षातले बहुतेक महिने पाण्याखाली असते आणि उन्हाळ्यात जलाशय आटला की दर्शन देते, एवढे ध्यानात असावे.

शेतीकरिता सोडलेले हे पाणी जवळजवळ ५० वर्षे धरणातून नुसतेच धडधडत बाहेर पडत होते. १९७७ साली त्याच पाण्याच्या वाटेवर १६ मेगावॉटचे वीजघर बसवले गेले. त्याकरिता नवे गाव उठले नाही की नवे शेत बुडले नाही. पुढे वेल्हे तालुक्यातील पानशेत व वरसगाव धरणांच्या पायथ्याशीही अशीच लहान वीजघरे झाली. (या तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय शासनाने २०२४ साली घेतला; आपल्या तोंडी अजून वेल्हेच आहे.) पानशेत म्हटले की पुणेकरास १२ जुलै १९६१ चा पूर आठवतो, आणि तसे ते साहजिकच आहे; पण पानशेतच्या मूळ रहिवाशास त्याच्या आधीचे उठणे आठवते.

पाण्याची वीज आली म्हणून कोळसा कायमचा गेला, असेही झाले नाही. मागणी पाण्यापेक्षा वेगाने वाढली आणि १९५६ साली तुर्भ्यास औष्णिक केंद्र उभे करावे लागले. कोळशावर एक युनिट वीज काढताना सुमारे एक किलो कर्बवायू हवेत जातो. म्हणजे धूर गिरणीच्या धुराड्यातून निघून दुसऱ्या धुराड्यातून जाऊ लागला, इतकेच.

आज नीरेपलीकडे शिरवळला आणि अलीकडे खेड-शिवापूरच्या बाजूला जे कारखाने आहेत त्यांच्यापुढे १९१५ सालच्या गिरणीमालकाचाच प्रश्न आहे, फक्त वाटा अधिक आहेत. छपरावर सौर पट्टे बसवता येतात. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी १०० किलोवॉटची मागणी असलेल्या ग्राहकासही दूरच्या सौर वा पवन प्रकल्पाची वीज थेट घेण्याची मुभा दिली. पूर्वी ही मर्यादा एक मेगावॉटची होती. नीरेच्या खोऱ्यातले साखर कारखाने तर उसाच्या चिपाडावरच बॉयलर पेटवीत आले आहेत. ते कोणी त्यांना शिकवावे लागले नाही.

रात्रीचे काय, हा प्रश्न उरतो. दिवसा उन्हाच्या विजेने पाणी वर चढवावयाचे व सायंकाळी ते खाली सोडावयाचे, हा त्याचा एक उपाय. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने अशा दोन प्रकल्पांसाठी, शिरवटा येथे १,८०० व भिवपुरी येथे १,००० मेगावॉट, राज्य शासनाशी करार केला. म्हणजे शंभर वर्षांनी पुन्हा तीच नावे आणि तोच घाटमाथा. अशा योजनेस वर एक आणि खाली एक अशी दोन तळी लागतात. अशी योजना उद्या आपल्या खोऱ्यात कोणी आणली, तर त्यांतले कोणते तळे आज भरलेले आहे आणि कोणते नव्याने खणावयाचे, हे नकाशावर बोट ठेवून विचारावयास हवे. आणि नव्याने खणावयाचे असेल, तर त्या जागी आज भात कोण लावतो, हे सातबारा उताऱ्यावरच्या नावापाशी न थांबता विचारावयास हवे.